गाळलेलं पाचवं पान

कमलाकांत कोठारे अकरा वर्षं फंडाचे चिटणीस होते, आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी एकदाच एक पान गाळलं. एकदाच! पण गाळलं ते असं, की पुढे कित्येक दिवस त्यांना आरशात बघून धड दाढी करता येईना.

फंड म्हणजे ज्ञातीचा विद्यावृद्धी फंड. गिरगावात एका हॉलच्या माडीवर खोली, लांब टेबल, भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी. ज्ञातीतल्या हुशार मुलांना शिष्यवृत्त्या द्यायच्या, हे काम. तिथली एक रीत मात्र और होती. आलेला अर्ज कुणाच्या हातात द्यायचा नाही. चिटणिसानं उभं राहून तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी नुसता ऐकायचा. फार पूर्वी म्हणे एका सभासदानं भाच्याच्या अर्जात हळूच खाडाखोड केली होती, तेव्हापासून हे सुरू झालं. चिटणीस गाळून वाचेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, कारण ही रीत घालून देणारे होते अण्णा कोठारे आणि आताचा चिटणीस त्यांचाच मुलगा.

छप्पन्न सालचा डिसेंबर. द्वैभाषिक राज्य मुंबईच्या गळ्यात पडून महिना झाला होता. रविवारची सभा, खाली रस्त्यावरून मोर्चा चाललेला, 'झालाच पाहिजे'च्या आरोळ्यांनी खिडक्यांची तावदानं थरथरत होती. अध्यक्ष चिंतामणरावांनी खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. गुरुदत्त विजयकर, म्हणजे कमलाकांतांचा शाळेपासूनचा दोस्त, कोटाला काळी फीत लावून आला होता. त्याला खिडक्या लावणं मुळीच आवडलं नाही.

"वाच रे बाबा लवकर," तो म्हणाला. "मला खाली जायचंय."

शेवटचा अर्ज दुर्गा धैर्यवान हिचा. वय तेहतीस, परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर. दिल्लीला जाऊन नर्सिंगची पदवी घेतलेली. आता अमेरिकेतलं एक विद्यापीठ तिला घ्यायला तयार होतं, आधी एम.ए., मग डॉक्टरेट. विषय, वृद्ध माणसांची शुश्रूषा. फी त्यांनी माफ केली होती. बोटीचं भाडं आणि राहण्याचा खर्च कोण उचलणार, त्याचं पत्र जानेवारी संपायच्या आत तिकडे पोचायला हवं होतं. पत्र गेलं नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

कमलाकांतांनी पहिली चार पानं खणखणीत वाचली. शिक्षण, नोकरी, शिफारसपत्रं. चौथं पान उलटलं आणि डोळे पाचव्याच्या पहिल्या ओळींवर गेले.

'गिरगावातल्या एका सुखवस्तू घरी मी चौदा महिने एका वृद्ध गृहस्थांची शुश्रूषा केली. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची डावी बाजू गेली होती. मी प्रथम गेले त्या दिवशी त्यांच्या पाठीला तळहाताएवढी जखम होती…'

कमलाकांतांनी वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर चंदनाच्या हारात अण्णा. टेबलाभोवती सात माणसं, आणि त्या सातही जणांना ठाऊक होतं की अर्धांगानं आजारी असलेल्या अण्णांकडे परळहून एक सिस्टर येत असे. त्यांनी नाकावरचा चष्मा सारखा केला, ते पान तसंच उलटलं आणि सहाव्या पानावरून वाचायला लागले. आवाज जरासुद्धा कापला नाही. त्याचीच त्यांना मागाहून जास्त लाज वाटली.

आता या माणसाला एवढं भ्यायला झालं काय, ते सांगितलं पाहिजे. अण्णा गेल्यावर ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात कमलाकांतांना शाल आणि नारळ दिला होता. 'आजच्या काळातला श्रावणबाळ' म्हणाले होते त्यांना व्यासपीठावरून, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. कमलाकांतांनी शाल खांद्यावर घेतली, हात जोडले आणि खाली येऊन बसले. आणि खरं काय? खरं म्हणजे दुखण्याच्या सबंध काळात हा श्रावणबाळ अण्णांच्या खोलीच्या दारात उभा राहत होता. आत जात नव्हता.

सगळं करत होती ती सिस्टर. पुसणं, धुणं, भरवणं, अंथरुणातलं सगळं. सकाळच्या पाळीचं काम आटपून परळहून बसनं यायची, दुपारी तीन ते नऊ. ज्ञातीतलीच मुलगी, धैर्यवानांची दुर्गा. पण चौदा महिन्यांत घरात कुणी तिला दुर्गा म्हटलं नाही. सिस्टर पाणी द्या, सिस्टर खिडकी लावा. आणि तिचा कप वेगळा. कान तुटलेला, निळ्या काठाचा एक कप स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला असे. "कुठल्या कुठल्या रोग्यांना हात लावून येते, आपल्या घरात पोरंबाळं आहेत," असं कमलाकांतांची बायको मीनाक्षी म्हणाली, आणि कमलाकांत म्हणाले, "बघ तुला योग्य वाटेल तसं." संपलं. दुर्गा त्या कपातून चहा घ्यायची, मोरीत आपला आपण धुवायची आणि पालथा घालून खिडकीत ठेवायची. एकदाही तिनं काही म्हटलं नाही.

तर हे सगळं त्या पाचव्या पानावर असणार, असं कमलाकांत धरून चालले. कप तर असणारच असणार.

अर्ज वाचून झाला. चिंतामणरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हाताऱ्यांची शुश्रूषा शिकायला अमेरिका? आमच्या आईला अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली, दोन वर्षं अंथरुणावर आहे. सूनबाई करते सगळं. तिला कुठं धाडली होती आम्ही अमेरिकेला?"

सगळे हसले. चिंतामणरावांच्या आई सुंदराबाई दादरला राहायच्या, सगळ्यांच्या ओळखीच्या.

"आणि नर्सबाई डॉक्टर व्हायच्या म्हणजे डॉक्टरांनी काय व्हायचं?" कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसणं.

गुरुदत्त मात्र हसला नाही. "पोरगी चांगली आहे हां," तो म्हणाला. "जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा जखमींजवळ दोन दिवस घरी न जाता उभी होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण अर्जात जीव नाही रे. हे शिकायची गरज काय, ते कुठं सांगितलंच नाही तिनं. कमल्या, तूच सांग. तू अण्णांचं एवढं केलंस. तुला लागलं कुठलं पुस्तक?"

सात तोंडं कमलाकांतांकडे वळली. आठवे अण्णा भिंतीवरून बघत होते.

"नाही," कमलाकांत म्हणाले.

झालं. 'तूर्त विचार करता येत नाही' असा शेरा पडला. शेरा लिहिणारे हात अर्थात चिटणिसाचेच.

घरी जाताना कमलाकांतांनी अर्ज पिशवीत घालून नेला. आता नकाराचं पत्र त्यांनाच लिहायचं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली, मीनाक्षीला डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि अण्णांच्या खोलीत जाऊन खुर्ची खिडकीशी ओढली. ही खोली आता पाहुण्यांची. खाट तीच होती. त्यांनी पाचवं पान काढलं. म्हणाले, बघू तरी, किती काळं फासलंय बाईनं.

'…तळहाताएवढी जखम होती. घरात नामांकित डॉक्टर येत होते, फळं येत होती, औषधं येत होती. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला हवी, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं. ती माणसं निर्दय नव्हती. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्यांचा मुलगा रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की दाराशी उभा राहून 'बरं आहे ना?' असं विचारत असे. त्याला आत यायचं असे. उंबऱ्यावर ठेवलेला पाय तो मागे घेताना मी पाहिला आहे. ज्या वडिलांपुढे तो कधी मान वर करून बोलला नव्हता, त्यांना तशा अवस्थेत बघण्याची त्याला लाज वाटत होती. ही लाज मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. तिच्यापायी म्हातारी माणसं भरल्या घरात एकटी पडतात.

'एके दिवशी मी त्याला आत बोलावलं आणि हात कुठं घालायचे ते दाखवलं. त्यानं वडिलांना कुशीवर वळवलं. त्यांची वाचा गेलेली होती. त्यांनी उजव्या हातानं मुलाचं मनगट धरलं, ते बराच वेळ सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलगा पुन्हा दाराशीच उभा राहू लागला. मी त्याला पुन्हा हाक मारायला हवी होती. पगारी बाईनं किती बोलायचं, म्हणून मी गप्प राहिले. त्याची मला अजून शरम वाटते. अंग कसं पुसावं ते मला येतं. घरच्या माणसाला आत कसं आणावं, ते येत नाही. ते मला शिकायचं आहे.'

पान संपलं. कमलाकांतांनी ते उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुटक्या कानाच्या कपाबद्दल एक अक्षर नव्हतं.

त्यांना ते मनगट आठवलं. अण्णांचा हात कोरडा आणि ऊन होता. त्या दिवशी त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, आणि सिस्टरसमोर रडायचं कसं म्हणून ते दुसऱ्या दिवशी आत गेले नाहीत. एवढंच. मग तिसऱ्या दिवशी जायचं अवघड झालं, आणि महिन्यानं तर अशक्यच. अण्णा गेले तेव्हाही कमलाकांत दारातच होते.

आणि शरम त्या पोरीला! शरम वाटायची कुणाला आणि वाटली कुणाला! कमलाकांतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पान छातीशी घट्ट धरलं आणि पुष्कळ वेळ त्या रिकाम्या खाटेकडे बघत बसले. मीनाक्षीनं जेवायला हाक मारली ती त्यांना ऐकूच आली नाही.

तुम्हाला वाटेल, आता हा माणूस उठला आणि धावत फंडात गेला. छे! एवढं धैर्य असतं तर पान कशाला गाळलं असतं? नकाराचं पत्र त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि टपालात टाकलं.

पुढच्या रविवारी दुर्गा आपली मूळ प्रमाणपत्रं परत न्यायला फंडात आली. पांढरी सुती साडी, केसांत दोनचार रुपेरी तारा. कमलाकांत एकटेच होते. त्यांनी कागद पुढे सरकवले.

"भाऊ, एक विचारू?" ती म्हणाली. "अर्ज सगळा वाचला ना त्यांनी?"

"मी… मी वाचून दाखवतो. तशी रीत आहे."

"पाचवं पान ऐकूनसुद्धा नाही म्हणाले?"

कमलाकांत कागदांची चळत सारखी करू लागले. ती सारखीच होती.

"मी नाव घातलं नव्हतं हं," दुर्गा घाईनं म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर… मी चार वेळा लिहून फाडलं ते पान. पण त्याच्याशिवाय माझ्या सगळ्या अर्जाला अर्थ नव्हता. तेवढंच खरं लिहिलं होतं मी. ते ऐकूनही लोक नाही म्हणाले, म्हणजे मीच काहीतरी भलतं डोक्यात घेतलं असेल. बरं झालं. हॉस्पिटलातलं काम आहेच."

"पुढच्या वर्षी पुन्हा…"

"नाही हो. पुन्हा नाही लिहून व्हायचं." तिनं प्रमाणपत्रं पिशवीत घातली. "येते, भाऊ. वहिनींना सांगा विचारलंय म्हणून."

ती दरवाज्यापर्यंत गेली. कमलाकांत टेबलाशी उभे होते. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. ज्या कामापासून आपण तिला तोडलं ते तिला आता खुळेपणा वाटायला लागलंय, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि मग मात्र त्यांना तिथं उभं राहवेना. टोपी घातली आणि थेट दादर गाठलं, चिंतामणरावांच्या घरी. म्हणाले, सभा बोलवा. कारण विचारलं तर म्हणाले, सभेत सांगतो.

सभा भरली ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. कमलाकांत उभे राहिले. पिशवीतून शाल काढून त्यांनी टेबलावर ठेवली. संमेलनातली शाल, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"गेल्या खेपेला मी एक पान गाळलं," ते म्हणाले. "आता वाचतो."

त्यांनी वाचलं. या वेळी आवाज कापत होता. 'मनगट धरलं' इथं ते थांबले, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा सुरू केलं.

"हा मुलगा म्हणजे मी," वाचून झाल्यावर ते म्हणाले. "तुम्ही ज्याला शाल दिलीत तो. आणि एक गोष्ट तिनं लिहिलेली नाही, ती मी सांगतो. माझ्या बापाची घाण काढणाऱ्या मुलीला माझ्या घरात चौदा महिने फुटक्या कपातून चहा दिला. तो कप ती स्वतः धुवून खिडकीत ठेवायची. मला रोज दिसत होतं. गुरुदत्तनं मला विचारलं, पुस्तक लागलं का? मी नाही म्हणालो. लागलं असतं रे. लागत होतं. कुणीतरी मला हाताला धरून आत न्यायला हवं होतं." त्यांनी खिशातून लिफाफा काढला. "हा माझा राजीनामा."

गुरुदत्तनं मान खाली घातली होती. दुसरं कुणी कमलाकांतांकडे बघत नव्हतं. त्यांना वाटलं, आता कुणीतरी शिव्या द्याव्यात, म्हणजे बरं वाटेल. पण शिव्या कुणी देईना.

मग चिंतामणराव बोलले. अध्यक्षांचा तो दमदार आवाज नव्हता.

"किती तासांनी कूस बदलायची म्हणालास?"

"दोन."

"दोन," चिंतामणराव म्हणाले. "आईच्या पाठीला… सूनबाई म्हणत होती काहीतरी. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. मी बघितलं नाही रे." त्यांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले. मग लिफाफा कमलाकांतांकडे परत सरकवला. "राजीनामा मागाहून बघू. आधी त्या मुलीचं पत्र लिही. आज लिही."

कुणी हात वर करा म्हटलं नाही, पण सगळ्यांचे हात वर गेले. मोर्चाच्या वेळी हात उंचावून गर्जना करणारा गुरुदत्त आज गपचूप हात वर धरून बसला होता.

दोन दिवसांनी दुर्गा पत्र न्यायला आली. कमलाकांतांनी तिला खुर्ची दिली आणि बसण्याआधीच सांगून टाकलं. पान आपणच गाळलं होतं, 'नाही' असंही आपणच म्हणालो होतो, सगळं. तिनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग एकदा उतरला, आणि ती पत्राच्या पाकिटाकडे बघत राहिली.

"ते पान परत मिळालं असतं तर मी फाडूनच टाकणार होते," ती हळूच म्हणाली. "घरी माझ्याजवळ कच्चं होतं, तेही जाळलं परवा."

कमलाकांतांनी पिशवीवर हात ठेवला. "माझ्याजवळ आहे," ते म्हणाले. "तुला हवं असेल तर देतो, दुर्गा."

आपलं नाव ऐकून तिनं वर पाहिलं. "ठेवा तुमच्याकडेच," ती म्हणाली.

फंडाचा म्हातारा शिपाई राजाराम खालच्या इराण्याकडून चहा घेऊन आला. दोन कप, दोन्ही सारखे, जाड पांढरे, दोन्हींना कान. कमलाकांतांनी एक स्वतःच्या हातानं तिच्यापुढे ठेवला. दोघांनी चहा घेतला. बोट कधी सुटते, गरम कपडे काय घ्यावेत, असं थोडंफार बोलणं झालं. कमलाकांतांना कित्येक दिवसांनी जरा हलकं वाटलं.

चहा संपला. दुर्गा उठली, कप घेऊन कोपऱ्यातल्या मोरीकडे गेली, नळ सोडून कप विसळला आणि पालथा घालून खिडकीत ठेवला.

"अगं, अगं, राहू दे!" कमलाकांत खुर्चीतून धडपडत उठले. "राजाराम धुवेल. कप इराण्याचा आहे!"

दुर्गानं खिडकीतल्या कपाकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसली. त्या हसण्यात राग नव्हता.

"असू दे हो, भाऊ. सवय झाली," ती म्हणाली, आणि पत्र पिशवीत ठेवून निघून गेली.

कमलाकांतांनी खिडकीतला ओला कप उचलला. राजारामला हाक मारली. तो येऊन समोर उभा राहिला, पण त्याला काय सांगायचं ते त्यांना सुचेना.